छपराखालचे मैदान

शेतात पीक उभे असते ते वर्षातील काही महिनेच. परंतु म्हणून उरलेले महिने शेतकरी हात जोडून बसतो काय? नांगरट करणे, ढेकळे फोडणे, शेणखत पसरणे, बांध घालणे, बियाणे निवडून ठेवणे ही सारी कामे तो याच काळात उरकतो. मृगाचा पाऊस पडल्यावर जो नांगर शोधू लागेल, त्याच्या पदरी पीक ते काय पडणार? खेळाचेही असेच आहे. सामन्यांचा मोसम संपला आणि मैदान बंद झाले, की पुष्कळांना वाटते, आता खेळाला सुट्टी! पण जाणते शिक्षक या काळाला मशागतीचा काळ मानतात. मैदान नसताना, छपराखाली, थोड्याशा जागेत फुटबॉलचा संघ कसा तयार करतात, हे पाहायचे असेल, तर आइसलंड या देशाकडे पाहावे.

आइसलंड हे युरोपच्या वायव्येस, अटलांटिक महासागराच्या उत्तर भागात असलेले एक बेट. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर. पण २०१६ साली तेथील लोकसंख्या अवघी ३ लाख ३० हजारांच्या आसपास होती. म्हणजे सबंध देशात मिळून जितकी माणसे, त्यांहून अधिक माणसे आपल्या एकट्या कोल्हापूर शहरात राहतात. या देशाची राजधानी रेक्याविक. डिसेंबर महिन्यात तेथे सूर्य उगवतो तो सकाळी अकरा वाजून गेल्यावर, आणि साडेतीनच्या सुमारास मावळतो देखील. जेमतेम चार तासांचा दिवस! समुद्रातील उष्ण प्रवाहामुळे किनाऱ्यावर थंडी फारशी कडाक्याची नसते. परंतु वारा मात्र मोठा अवखळ. पूर्वेला मारलेला चेंडू तो उत्तरेला नेऊन टाकतो. बर्फ, पाऊस, अंधार आणि हा वारा यांपुढे हिवाळ्यात उघड्या मैदानावर कोण खेळणार? त्यामुळे तेथील फुटबॉलचे सामने उन्हाळ्यातच होतात. एप्रिल ते ऑक्टोबर हा त्यांचा मोसम. बाकीचे महिने मैदानाला कुलूप.

पूर्वी या महिन्यांत मुलांचा खेळ जवळजवळ थांबे. काही जण खडी पसरलेल्या मैदानांवर कसेबसे खेळत आणि गुडघे सोलून घरी जात. काही जण शाळेच्या क्रीडागृहात थोडा वेळ घालवीत. इतर देशांतील मुले बाराही महिने सराव करीत असताना येथील मुले चार-पाच महिन्यांवर भागवीत. त्याचे फळ सामन्यांत दिसे. १९६७ साली कोपनहेगन येथे डेन्मार्कने आइसलंडचा १४ विरुद्ध २ गोलांनी पराभव केला. "एवढासा देश, एवढा मोठा हिवाळा, येथे फुटबॉल कसा रुजणार?" असे कोणी म्हटले असते, तर त्याला खोटे ठरविणे त्या काळी कठीण होते.

हिवाळा तर हटणार नव्हता. तेव्हा लोकांनी मैदानावरच छप्पर घालायचे ठरविले. २००० साली केफ्लाविक या गावी पूर्ण आकाराचे, कृत्रिम गवताचे पहिले छपराखालचे मैदान तयार झाले. २००२ साली कोपावोगुर व रेक्याविक येथे आणि पुढील वर्षी उत्तरेकडील आकुरेयरी येथे अशीच क्रीडागृहे उभी राहिली. शिवाय देशभर शाळांच्या जवळ कृत्रिम गवताची लहान लहान शंभरांहून अधिक मैदाने करण्यात आली. त्याबरोबरच फुटबॉल शिकविणाऱ्यांसाठी शिक्षणवर्ग काढण्यात आले. सहा-सात वर्षांच्या बालकांनाही शिकलेलाच शिक्षक मिळावा, अशी व्यवस्था झाली. हे दुसरे काम पहिल्याहून महत्त्वाचे होय. कारण छप्पर पावसाला अडविते, खेळ शिकवीत नाही. छपराखालचा वेळ कसा वापरावा, हे ज्याला कळते, तोच त्या छपराचे मोल वसूल करतो.

सगळ्याच गावांना एवढे भव्य क्रीडागृह लाभत नाही. पुष्कळ ठिकाणी शाळेचे लाकडी जमिनीचे क्रीडागृह असते. त्याची लांबी ४० मीटर व रुंदी २० मीटर. म्हणजे जागा झाली ८०० चौरस मीटर. मोठ्या सामन्याचे मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद, म्हणजे ७,१४० चौरस मीटरांचे असते. मैदानाच्या एका नवमांश भागात सबंध संघाला शिकवायचे! आणि वेळ तरी किती? आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास. समजा, बारा वर्षे वयाची सोळा मुले-मुली आहेत आणि हाती बारा आठवडे आहेत. मग एकूण चोवीस तास झाले. हे चोवीस तास कंजूष माणूस पैसा खर्च करतो तसे मोजून खर्चावे लागतात. म्हणून आखणी हवी.

आखणीतील पहिली गोष्ट ऐकून नवल वाटेल. ती म्हणजे विश्रांती! मोसम संपल्यावर दोन-तीन आठवडे मुलांना फुटबॉलपासून दूर ठेवतात. सतत एकच खेळ खेळून तेच ते स्नायू व तीच ती हाडे शिणलेली असतात. मनही कंटाळलेले असते. या काळात मुले पोहतात, चेंडू हाताने खेळायचे खेळ खेळतात, भटकंती करतात. आइसलंडमध्ये पोहणे हा शाळेतील सक्तीचा विषय आहे आणि जमिनीतील उष्णतेवर तापविलेल्या पाण्याचे तलाव गावोगावी आहेत. तेव्हा तेथील मुलांना हे अवघड नाही.

दुसरी गोष्ट निरीक्षण. चांगला शिक्षक मोसमभर एक वही बाळगतो. कोण फक्त उजव्याच पायाने खेळतो, कोण चेंडूकडे पाहताना मान वर करीत नाही, कोण पास देऊन तेथेच खिळून उभा राहतो, अशा नोंदी तो तीत करतो. मोसम संपल्यावर ही वही उघडून तो दोन-तीनच उणिवा निवडतो. चोवीस तासांत सारे काही शिकविण्याचा हव्यास धरला, तर एकही गोष्ट पक्की होत नाही. मग बारा आठवड्यांचे तीन भाग पाडतात. पहिले चार आठवडे चेंडूशी पायांची ओळख वाढविण्यासाठी. दुसरे चार पास देणे-घेणे आणि आजूबाजूला पाहणे यांसाठी. शेवटचे चार लहान सामन्यांतून निर्णय घेण्यास शिकण्यासाठी. प्रत्येक भागाचा चौथा आठवडा हलका ठेवतात. शरीर बळकट होते ते श्रमानंतरच्या विश्रांतीत. म्हणून हा हलका आठवडा वाया गेला असे समजू नये.

आता एका तासाचा हिशेब पाहू. पहिली दहा मिनिटे अंग गरम करण्याची: हळू धावणे, दिशा बदलणे, हातपाय मोकळे करणे. शेवटची तीन मिनिटे श्वास शांत करण्याची. मधल्या सत्तेचाळीस मिनिटांपैकी बत्तीस मिनिटे सरावाची आणि पंधरा मिनिटे सामन्याची. सरावासाठी क्रीडागृहाचे चार समान चौक करतात; प्रत्येक चौक २० मीटर लांब व १० मीटर रुंद. प्रत्येक चौकात चार मुले. आठ मिनिटे झाली, की शिटी वाजते आणि चौकडी पुढच्या चौकात जाते.

पहिल्या चौकात प्रत्येकाच्या पायाशी स्वतःचा चेंडू असतो. तळव्याने ओढणे, पायाच्या आतल्या बाजूने व बाहेरच्या बाजूने वळविणे, अचानक थांबणे, हे सारे दोन्ही पायांनी करायचे. दुसऱ्या चौकात भिंत हीच सोबती. भिंतीवर चेंडू मारावा, तो परत आला की एकाच स्पर्शाने काबूत आणावा. भिंत कधी दमत नाही आणि कधी रागावतही नाही. जसा पास द्यावा तसाच ती परत करते. तिसऱ्या चौकात तीन मुले कडेने उभी राहून आपसांत चेंडू फिरवितात आणि मधला चौथा तो हिरावून घेण्याची खटपट करतो. येथे मान खाली घालून चालत नाही. कोण मोकळा आहे, हे चेंडू येण्यापूर्वीच पाहून ठेवावे लागते. चौथ्या चौकात चेंडूच नसतो. एका पायावर तोल सांभाळणे, दोरीवरच्या उड्या, उडी मारून गुडघे किंचित वाकवीत हलकेच जमिनीवर येणे, असे व्यायाम तेथे चालतात.

एवढा खटाटोप कशासाठी? सोळाही मुले एका रांगेत उभी करून एकेकाला पाळीपाळीने चेंडू दिला, तर शिस्त दिसणार नाही काय? दिसेल खरी, पण हिशेब करून पाहा. एका पाळीला १५ सेकंद धरले, तर रांग एकदा पूर्ण व्हायला ४ मिनिटे लागतील. आठ मिनिटांत प्रत्येकाला दोनच पाळ्या, म्हणजे अर्धे मिनिट! उरलेली साडेसात मिनिटे नुसते उभे राहण्यात जातील. उलट, प्रत्येकाच्या पायाशी चेंडू असेल, तर आठच्या आठ मिनिटे शिकण्यात जातात. शिक्षक तोच, जागा तीच, मुले तीच. आखणी बदलली, की एका मुलाला सोळापट सराव मिळतो.

शेवटच्या पंधरा मिनिटांच्या सामन्याचेही असेच आहे. क्रीडागृहाचे दोन भाग करून दोन सामने एकाच वेळी लावतात; प्रत्येक बाजूस चार-चार खेळाडू. मोठ्या मैदानावर बावीस जणांत एक चेंडू असतो. येथे आठ जणांत एक. त्यामुळे प्रत्येकाकडे चेंडू पुनःपुन्हा येतो. जागा चिमुकली, म्हणून प्रतिस्पर्धी क्षणात अंगावर येतो आणि विचारही तितक्याच चपळाईने करावा लागतो.

अरुंद जागेतील या खेळाला मोठा इतिहास आहे. दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशाने १९३० साली आपल्या माँतेव्हिदेओ या राजधानीत फुटबॉलची पहिली विश्वचषक स्पर्धा जिंकली. मुलांमध्ये फुटबॉलचे वेड पसरले. पण मैदाने थोडी आणि पाऊस आडवा येणारा. त्याच वर्षी त्याच शहरात हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने वाय. एम. सी. ए. या संस्थेत छपराखाली पाच-पाच जणांनी खेळावयाचा फुटबॉल सुरू केला. बास्केटबॉल, हँडबॉल व वॉटर पोलो या खेळांच्या नियमांतून त्याने उपयोगी तेवढे उचलले. या खेळाला आज 'फुटसाल' म्हणतात. त्याचा चेंडू काहीसा लहान असतो आणि तो मुद्दामच कमी उसळणारा करतात. दोन मीटर उंचीवरून सोडला, तर तो पहिल्या खेपेला ५० ते ६५ सेंटिमीटरच वर येतो. चेंडू जमिनीलगत राहिला, की त्याला भिरकावण्यापेक्षा पायाशी खेळविणेच सोयीचे पडते. कठीण जमिनीवर साधा चेंडू उसळून छताला लागतो. म्हणून बंद जागेतील सरावाला असाच चेंडू घ्यावा.

कठीण जमिनीवर खेळताना शरीराची काळजीही अधिक घ्यावी लागते. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचे मऊ पट्टे असतात. हाडे लांब होतात ती या पट्ट्यांमुळे. साधारणतः दहा ते चौदा वर्षांच्या वयात हाडे झपाट्याने वाढतात. स्नायू मात्र त्या मानाने ताणलेले राहतात. अशा वेळी कठीण जमिनीवर फार उड्या मारल्या किंवा दररोज तोच सराव केला, तर गुडघ्याच्या खाली किंवा टाचेत दुखू लागते. म्हणून उड्या मोजून मारतात. खिळ्यांचे बूट न घालता सपाट रबरी तळाचे बूट घालतात. सगळ्यांत मुख्य म्हणजे, दुखत असेल तर ते सांगायचे. वेदना लपविणे म्हणजे शौर्य, ही समजूत चुकीची आहे; तिच्यामुळे आठ दिवसांचे दुखणे आठ महिन्यांवर जाऊ शकते.

याच वयातील आणखी एक गोष्ट शिक्षकाने ध्यानी ठेवायची असते. बारा वर्षांची दोन मुले शेजारी उभी केली, तर एक खांद्याइतका उंच नि दुसरा पुरता वाढलेला, असे दृश्य दिसते. कोणाची वाढ लवकर होते, कोणाची उशिरा. आज जो उंच व बळकट, तोच उत्तम खेळाडू, असे मानून शिक्षकाने त्याच्यावरच लक्ष दिले आणि बाकीच्यांना भिंतीशी बसविले, तर काय होईल? चार वर्षांनी बुटका मुलगा उंच होतो. पण तोवर त्याने खेळ सोडून दिलेला असतो. ज्या देशात मुळात मुलेच थोडी, त्याला असे एकही मूल गमावणे परवडत नाही. म्हणून चौकड्या दर आठवड्याला बदलतात, चेंडू सर्वांना सारखा मिळतो, आणि प्रत्येकाची प्रगती त्याच्या स्वतःच्या मागील कामगिरीशीच ताडून पाहतात. एका मिनिटात डाव्या पायाने भिंतीवर किती पास दिले, हे पहिल्या आठवड्यात वहीत लिहायचे आणि बाराव्या आठवड्यात पुन्हा मोजायचे. शेजाऱ्याच्या आकड्याकडे डोकावण्याचे कारण नाही.

हिवाळ्यातील रिकाम्या वेळाचा प्रश्न आइसलंडमध्ये खेळापुरताच नव्हता. १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा शंभरांपैकी ४२ जणांनी आपण गेल्या महिन्यात मद्य पिऊन झिंगल्याचे सांगितले. लांबलचक अंधाऱ्या संध्याकाळी करायचे काय? देश खडबडून जागा झाला. हिवाळ्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी रात्री आठनंतर आणि तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी दहानंतर मोठ्या माणसांवाचून बाहेर राहू नये, या नियमाचे पालन होऊ लागले. आईबापांनी मुलांसाठी अधिक वेळ काढावा, असा प्रयत्न झाला. खेळ, संगीत, कला यांचे वर्ग सर्वांना घेता यावेत, म्हणून सरकार व नगरपालिका यांनी पैसा दिला. २०१६ साली ४२ चा आकडा ५ वर आला होता. हे श्रेय एकट्या फुटबॉलचे नव्हे. परंतु संध्याकाळी जाण्याजोगी उजेडाची जागा आणि तेथे वाट पाहणारा शिक्षक असणे, याचा त्यात मोठा वाटा आहे.

मैदानाच्या मशागतीलाही फळ आले. प्रथम यश मिळविले ते मुलींनी. आइसलंडचा महिलांचा संघ २००९ साली युरोपच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला. पुरुषांच्या संघाने तेथवर मजल मारली ती त्यानंतर सात वर्षांनी, २०१६ साली. त्या वर्षी २७ जून रोजी फ्रान्समधील नीस शहरात त्याने इंग्लंडसारख्या बलाढ्य संघाला २ विरुद्ध १ गोलांनी हरविले. पुढील फेरीत फ्रान्सकडून त्याला हार पत्करावी लागली. पण जगाने या चिमुकल्या देशाकडे कौतुकाने पाहिले. या संघाच्या दोघा प्रशिक्षकांपैकी हेमिर हाल्ग्रिम्सन हे व्यवसायाने दंतवैद्य होते. १६ जून २०१८ रोजी मॉस्को येथे विश्वचषक स्पर्धेत याच देशाने अर्जेंटिनाला १-१ असे बरोबरीत रोखले. मेस्सीची पेनल्टी अडविणारा गोलरक्षक हालदोर्सन हा चित्रपट-दिग्दर्शक होता. तोवर विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत पोहोचलेल्या देशांत इतका कमी लोकसंख्येचा देश दुसरा नव्हता. या खेळाडूंपैकी कित्येक जण लहानपणी छपराखाली खेळलेले. म्हणून त्यांच्या पिढीला 'छपराखालची मुले' असे नावच पडले.

तथापि, छपराखाली सर्व काही शिकता येते, असे मात्र नाही. लांबचा पास, वाऱ्याचा अंदाज, ओल्या गवतावर सुळकन निसटणारा चेंडू, दूरवर धावण्याचा दम, या गोष्टी उघड्या मैदानावरच येतात. म्हणून बारा आठवडे संपल्यावर मुलांना एकदम सामन्यात उतरवीत नाहीत. प्रथम थोडा वेळ, मग अधिक वेळ, असे क्रमाक्रमाने बाहेर नेतात. पाय नव्या जमिनीला सरावतात, डोळे नव्या अंतराला सरावतात, आणि मगच खेळ रंगू लागतो.

आपल्याकडे हिवाळा मैदाने बंद करीत नाही; आषाढ-श्रावणातील पाऊस मात्र करतो. मैदानात गुडघाभर चिखल, आणि शाळेच्या पडवीत मुले हिरमुसून उभी! अशा वेळी भव्य क्रीडागृह नसले, तरी एखादे सभागृह असते, रुंद ओसरी असते, एक भक्कम भिंत असते. थोडे चेंडू, खडूने आखलेले चार चौक, हाती घड्याळ आणि एक वही, एवढ्यावर मशागत सुरू करता येते. त्यातील प्रत्येक चौकात प्रत्येक मुलाची पाळी येईल, एवढे मात्र आखणाऱ्याने पाहिले पाहिजे.